वाकायची खिडकी

"बोला, पण वाकून बोला. वरून बोललात तर काचेला ऐकू जातं, मला नाही."

पंचवीस वर्षं हे एकच वाक्य बोलून बोलून खिडकीबाईच्या तोंडात असं गुळगुळीत झालं होतं, की बोलताना ती हातातलं पेनही थांबवत नसे. आज खिडकीबाहेर पेन्शनीत निघालेला एक मास्तर उभा होता. तीन दिवस नळाला पाणी नाही, म्हणून घरून निघतानाच त्याने भाषण जुळवून आणलं होतं. पहिली चार वाक्यं त्याने दुधी काचेला ऐकवली, आणि ती चांगली खणखणीत होती. मग तो वाकला. वाकल्यावर पाचवं वाक्य अर्ध्यावर अडलं, सहाव्याला कमरेत कळ आली आणि सातवं कुठे गेलं ते मास्तरलाच सापडेना.

"गल्ली कुठली?" बाईने विचारलं.

"गिरणीची."

"आधी बारीक धार यायची, की एकदम बंद झालं?"

"बारीक यायची."

"मग व्हॉल अडकलाय. उद्या दुपारच्या आत फिटर येईल. घरात कुणाला तरी ठेवा. नाहीतर तो कडी वाजवून परत जातो, आणि मग तुम्ही पुन्हा माझ्यापुढे वाकता."

मास्तर 'बरं' म्हणाला, एक हात कमरेवर ठेवून हळूहळू सरळ झाला आणि चालू लागला. घरून बांधून आणलेला राग नेमका कुठे सांडला, हे त्याला ऑफिसच्या फाटकापर्यंत तरी कळलं नाही.

पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात शिरलं की डाव्या हाताला व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला ही तक्रारीची खिडकी. वरच्या अर्ध्यात दुधी काच, खालच्या अर्ध्यात प्लायवूड, आणि त्या प्लायवूडला जेवणाच्या ताटाएवढं गोल भोक. भोकाची उंची म्हणाल तर सरासरी माणसाच्या बेंबीइतकी. त्यातून आत बोलायचं तर धडधाकट गड्यालाही गुडघे मोडून, मान तिरकी करून, नमस्कार आणि लोटांगण यांच्या मधलं काहीतरी करावं लागे. आणि एकदा माणूस तसा झाला, की त्याचा राग दोन मिनिटांच्या वर टिकत नसे. राग ही उभ्याने करायची गोष्ट आहे. फार तर बसून. वाकून कुणावर रागावता येत नाही. शंका असेल त्याने करून बघावं.

बाईने सगळं गाव असं आडवंच पाहिलेलं. बाजारात कुणी "काय बाई, बरं आहे का" म्हटलं, की ती आधी मान डाव्या खांद्यावर टाकून त्याच्याकडे बघायची, तेव्हा कुठे ओळख पटायची. लोकांना वाटे बाईची मान धरली आहे. दोघा-तिघांनी तेलंही सुचवली होती.

आता ऑफिस म्हटलं की खिडकी अशीच असायची, असं लोक धरून चालत. कुणाला वाटे सुताराने माप चुकवलं, कुणाला वाटे साहेबाला अक्कल नाही. खरी गोष्ट दोघांनाच ठाऊक होती. एक बाई, दुसरा मिस्त्री, म्हणजे ज्याने ते भोक पाडलं तो सुतार.

बाई नोकरीला लागली तेव्हा भोक वर होतं, काचेतच, माणसाच्या तोंडासमोर. लोक उभ्याने, थेट तोंडावर बोलत. बोलत म्हणजे आई-बाप काढत. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात एक दांडगा गडी बाटलीभर गढूळ पाणी घेऊन आला, 'हे पिऊन दाखव' म्हणाला, आणि तिने पेन खाली ठेवेपर्यंत ती बाटली भोकातून आत उपडी केली. केस, गळा, कपडे, टेबल, सगळा चिखल. आतल्या खोलीतून साहेबांनी विचारलं, "नोंदवही भिजली का?"

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दाराची बिजागरी बसवायला आला होता. बाईने त्याला बोलावलं आणि भोकाची काच काढून साधी दुधी काच बसवायला सांगितली. नवं भोक खाली, प्लायवूडमध्ये.

"एवढं खाली? लोकांना वाकावं लागेल," मिस्त्री म्हणाला.

"तेवढंच पाहिजे."

मिस्त्रीने टेबलावर वाळत घातलेली वही पाहिली, तिची सुजलेली पानं पाहिली, आणि खिशातून टेप काढला. त्यानंतर बाईवर कुणी पाणी ओतलं नाही. ओतणार कसं? वाकलेल्या माणसाच्या बाटलीतलं पाणी आधी त्याच्याच बाहीत शिरतं.

तर अशी सगळी घडी बसलेली असताना निवडणूक आली.

यंदा एक नवा उमेदवार उभा होता. ताडमाड उंच, डोक्यावर केस बेताचे, आवाज मोठा. वयाने पुष्कळांहून लहान असूनही सगळे त्याला 'दादा' म्हणायचे. पहिला महिना त्याने पाण्यावर घालवला. नव्या टाकीचा नकाशा घेऊन गल्लोगल्ली फिरला, पाइप किती इंची, रोज किती लिटर, सगळं समजावून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं, जांभया दिल्या, आणि टाकीचं चित्र छापलेले कागद कपाटातल्या फळ्यांवर अंथरायला घरी नेले. लिटरवर टाळी पडत नाही. इंचावर तर नाहीच नाही.

मग त्याला कुणीतरी सांगितलं, दादा, तुम्ही स्वतः जाऊन तक्रार नोंदवा, फोटो चांगले निघतील. तो चाळीस माणसं घेऊन व्हरांड्यात आला, बघे आणखी दहा जमले. काचेला तोंड लावून म्हणाला, मी अमुक अमुक, तक्रार घेऊन आलोय.

आतून आवाज आला, "बोला, पण वाकून बोला."

बाईला बिचारीला काय माहीत बाहेर कोण आहे. भोकातून तिला फक्त एक पांढरा शर्ट दिसत होता, तोही छातीच्या खालचा. तो शर्ट वाकू लागला, वाकतच राहिला, कारण सहा फुटांच्या वरचा माणूस त्या भोकापर्यंत पोचायचा म्हणजे प्रवासच. आणि वाकता वाकता त्याच्या खिशातलं पेन भोकातून आत पडलं. पाठोपाठ चष्मा. त्याच्या पाठोपाठ कंगवा.

बाईने एकेक वस्तू परत दिली. हे तुमचं पेन. हा चष्मा. कंगवा देताना तिने भोकातून वर त्याच्या डोक्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हा तुमचाच ना?"

पन्नास माणसं खदाखदा हसली, आणि त्यातली चाळीस त्याचीच होती. उमेदवार सरळ झाला. कानाच्या पाळ्या लाल, एका हातात कंगवा. त्या महिन्यात पहिल्यांदाच तो न ठरवता बोलला:

"हे काय माणसाला वाकवायचं यंत्र आहे?"

हसणं थांबलं. मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. उमेदवाराने ती टाळी ऐकली. महिनाभर टाकी दाखवून जी मिळाली नव्हती ती. त्याने कंगवा खिशात ठेवला, आणि माझा तर्क आहे की टाकीचा नकाशाही त्याच वेळी खिशात गेला.

त्या संध्याकाळपासून त्याच्या भाषणात पाणी राहिलंच नाही. तो म्हणे, पाणी काय, येतं आणि जातं. पण तुम्हाला वाकवलं कुणी? तुमच्या म्हाताऱ्या बापाला वाकवलं कुणी? जरा कमरेवर हात ठेवून बघा. आणि समोर बसलेली पाचशे माणसं खरोखर कमरेवर हात ठेवून बघत. आता चाळिशीच्या वरच्या कुठल्या माणसाची कंबर दुखत नाही? कुणाची पोती उचलून दुखत होती, कुणाची दिवसभर शिवणाच्या मशीनवर बसून. पण त्या संध्याकाळी सगळ्यांची कंबर खिडकीने मोडली होती. बायको बोलत नाही, पोरगं ऐकत नाही, बढती हुकली, शेजाऱ्याने भिंत पुढे सरकवली, ज्याचं जे काही ठसठसत होतं ते सगळं त्या ताटाएवढ्या भोकात आरामात मावलं. 'मान वर, खिडकी वर' अशी घोषणा निघाली. आणि पंचाईत अशी, की यात खोटं काहीच नव्हतं. खोटं असतं तर कुणीही खोडून काढलं असतं. भोक खाली होतं ते होतंच.

बाईने हे सगळं घरबसल्या ऐकलं, कारण ऐकवणारा घरातच होता.

तिचा नवरा बसचा कंडक्टर. रिटायर होऊन दोन वर्षं झालेली. बत्तीस वर्षं ज्याच्या एका शब्दावर सत्तर माणसं पुढे सरकली, त्याच्या शब्दावर आता घरातली खुर्ची सरकत नव्हती. सकाळी वर्तमानपत्राशी भांडायचा, दुपारी पंख्याशी, संध्याकाळी समोरच्याच्या सायकलीशी. त्या सायकलीने त्याचं काय बिघडवलं होतं ते सायकलीलाच माहीत. सभेला तो पहिल्यांदा गेला तो घरात करमेना म्हणून. तिथे खुर्च्यांसाठी रेटारेटी चालली होती. याच्या तोंडून सवयीने निघालं, "चला, पुढे सरका, मधे जागा आहे." लोक सरकले. व्यासपीठावरून कुणीतरी ते पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी कंडक्टरच्या गळ्यात दोरीला बांधलेली एक शिट्टी आली. गर्दीची जबाबदारी त्याच्याकडे. तेव्हापासून सायकलीशी भांडण बंद, चालणं ताठ.

"काय खिडकी करून ठेवलीय तुमच्या ऑफिसने," तो जेवताना म्हणाला. "ज्याने कुणी ते भोक खाली घेतलं ना, त्याला एकदा चव्हाट्यावर आणणार आहेत दादा."

बाईने पाण्याचा तांब्या त्याच्या पुढे सरकवला. सव्वीस वर्षांत नवरा एकदाही तिच्या खिडकीवर आला नव्हता, आणि तिनेही त्याला भोकाची गोष्ट कधी सांगितली नव्हती. चिखलाचं सांगायचं, तर 'नोकरी सोड' म्हणाला असता. म्हणून ते गिळलं. त्याच्याबरोबर भोकही गिळलं. आता ते घशाशी आलं होतं. मिस्त्री तर दादांच्या प्रचाराचे फलक ठोकत गावभर फिरत होता. तो कुठे ठोकता ठोकता बोलून गेला, की सव्वीस वर्षांची अब्रू एका दुपारी भोकातून बाहेर.

इकडे ऑफिसात वेगळीच तऱ्हा सुरू झाली. दादांनी सांगितलं होतं, वाकू नका. लोक वाकेनात. व्हरांड्यात येत, ताठ उभे राहत, आणि काचेशी बोलत. आत बाईला दिसत ती नुसती पोटं. सपाट पोटं, सुटलेली पोटं, बटण तुटलेली पोटं. "कुठली गल्ली?" असं पोटाला विचारून काय उपयोग? काचेतून ऐकू येई ते नुसतं गुणगुणणं, भांड्यात कोंडलेल्या भुंग्यासारखं. तिने युक्ती केली, भोकातून कागद-पेन्सिल बाहेर धरली. लिहून द्या म्हणाली. कागद परत आला. त्यावर 'मान वर, खिडकी वर' लिहिलेलं. पेन्सिल आलीच नाही.

दिवसाला चाळीस तक्रारी नोंदल्या जायच्या, त्या नवावर आल्या. नोंद नाही म्हणून फिटरला काम नाही. तो मागच्या खोलीत पाना उशाशी घेऊन झोपू लागला. साहेब मात्र खूश. तक्रारी घटल्या, म्हणजे पाणीपुरवठा सुधारला, असं त्यांनी वरच्या ऑफिसला लिहून पाठवलं, आणि वरून शाबासकीही आली. आणि गिरणीच्या गल्लीत आठ दिवस पाण्याचा थेंब नव्हता. त्या गल्लीतलं कुणी वाकायला तयार नव्हतं, आणि न वाकता सांगायची सोय नव्हती. संध्याकाळी दादा त्याच गल्लीत उभे राहून म्हणाले, आठ दिवस पाणी नाही, का? कारण यांना तुमचं ऐकू येत नाही. आणि तेही खरंच होतं.

सोमवारी अकरा वाजता खिडकीवर मोर्चा ठरला.

सोमवारी सकाळी कंडक्टर अंगणात बसून शिट्टी धूत होता. बाईने डबा भरला, पिशवीत टाकला, आणि दाराशी आल्यावर, चपला घालता घालता म्हणाली, "अहो, ते भोक मी खाली घेतलंय."

त्याचा हात थांबला. "म्हणजे?"

तिने सांगितलं. बाटली, चिखल, वही, मिस्त्री. जेवढं घडलं तेवढंच. रडली नाही, उगाच लांबड लावली नाही. नाहीतरी साडेदहाला सही करायची होती.

कंडक्टर बराच वेळ शिट्टीतलं पाणी झटकत राहिला. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलंस, ते आता विचारत नाही. पण लोकांना वाकवायचं म्हणजे..."

"तुम्ही काय करत होतात बत्तीस वर्षं?"

"मी काय केलं?"

"'पुढे सरका, मधे जागा आहे.' असायची का जागा?"

कंडक्टरने समोरच्या सायकलीकडे पाहिलं. मग त्याच्या मिशीचं एक टोक हललं. "नसायची," तो म्हणाला. "पण माणूस सरकायला लागला की भांडण विसरतो. दोन पावलं सरकेपर्यंत त्याचा स्टॉप येतो." आणि थोड्या वेळाने, जरा पडलेल्या आवाजात, "आज माझी मोर्चाला ड्यूटी आहे ग."

"जा की. मी कुठे अडवलंय? मला फक्त वाटलं, दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं."

अकराला मोर्चा आला. बाईला आधी शिट्टी ऐकू आली, आणि ती कुणाची हे तिला चांगलं ठाऊक होतं. मग भोकापुढे पोटांची भिंत उभी राहिली. मधोमध तो पांढरा शर्ट. काचेवर उंच सावली पडली आणि भुंगा सुरू झाला. साहेब मागच्या दाराने 'जरा साइटवर जाऊन येतो' म्हणून निघून गेले होते. फिटर झोपला होता.

बाई पाच मिनिटं ऐकत बसली; म्हणजे ऐकू काही येत नव्हतंच. मग तिने पेनाला टोपण लावलं, जे जेवणाच्या सुट्टीखेरीज ती कधी लावत नसे, आणि बाजूच्या दाराने व्हरांड्यात आली.

लोकांनी वाट दिली. ओळखीची म्हणून नव्हे. एक पिकल्या केसांची बाई मान तिरकी करून एकेकाकडे बघत येत होती म्हणून. उमेदवाराचं भाषण रंगात आलं होतं. ज्याने हे भोक पाडलं तो समोर येऊ दे, असं तो म्हणत होता. गर्दीच्या कडेला मिस्त्रीने खाली जमिनीत कुठे उघडं बीळ आहे का ते पाहिलं.

बाई म्हणाली, "मी पाडलं."

ती ओरडली नव्हती. पण तो आवाज सगळ्यांना पाठ होता. पंचवीस वर्षं भोकाला कान लावून ऐकलेला. मास्तर तर सवयीने थोडा वाकलाच.

"मिस्त्रीने माझ्या सांगण्यावरून पाडलं. लोक शिव्या देत होते, एकाने तोंडावर चिखल ओतला. वाकलेला माणूस शिव्या देत नाही, एवढं मला कळलं होतं. साहेबांचा त्यात हात नाही. साहेबांचा कशातच हात नसतो."

कुणीतरी हसलं. उमेदवाराला काय बोलावं ते सुचेना. साहेब असता तर बोलता आलं असतं, सरकार असतं तर फारच छान. समोर एक बाई होती, आणि तिच्या हातात टोपण लावलेलं पेन. पण तेवढ्यात मागून एक म्हातारा बोलला. आवाज चढलेला नव्हता. तो म्हणाला, बाई, चिखल एकाने ओतला, आणि वाकलो आम्ही सगळे. माझा गुडघा बदललाय.

बाईने त्याच्या गुडघ्याकडे पाहिलं. ती खिडकीकडे वळली. सव्वीस वर्षांत ती या बाजूला कधी उभी राहिली नव्हती. तिने गुडघे मोडले, मान तिरकी केली आणि भोकातून आत पाहिलं. आत दिसलं ते टेबलाचं टोक, वहीचा कोपरा, आणि जिथे ती बसते तिथे तिच्या हाताएवढी रिकामी जागा. म्हणजे खिडकीवर गावाने इतकी वर्षं तिचा चेहरा पाहिलाच नव्हता. एक हात आणि एक पेन, एवढीच बाई होती. ती सरळ व्हायला गेली तर कंबर अडकली. अठ्ठावन्नाव्या वर्षी अडकायचीच. धड वर नाही, धड खाली नाही.

शिट्टी वाजली. "चला, मागे सरका," असं म्हणत कंडक्टर गर्दीतून पुढे आला, बायकोच्या काखेत हात घातला आणि तिला उभी केली. सगळ्या मोर्चासमोर, गळ्यात दादांची शिट्टी घालून. त्याने जन्मात असं काही केलं नव्हतं, घरी सुद्धा.

बाईने श्वास घेतला आणि गर्दीत मान तिरकी करून शोधलं. "मिस्त्री, अवजारं आहेत ना जवळ? ती दुधी काच काढून टाका. सगळीच काढा. मी बसते समोर."

मिस्त्री पिशवी उघडत पुढे झाला. तेव्हा उमेदवार त्याच्याजवळ सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "मिस्त्री, आज कशाला घाई? निकालानंतर करू. कार्यक्रम ठेवू, हार घालू, तुमचाही सत्कार करू."

हलका आवाज असा, की व्यासपीठावर बोलून बोलून त्या माणसाला हलकं बोलायची सवयच राहिली नव्हती. निम्म्या व्हरांड्याने ऐकलं. मिस्त्री स्क्रू ड्रायव्हर हातात धरून त्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"दादा, निकाल महिन्यावर आहे. तोवर लोकांनी काय करायचं?"

"तोवर राग राहू दे," असं काही दादा म्हणाले नाहीत. एवढे ते कच्चे नव्हते. ते म्हणाले, घाईत केलेलं काम टिकत नाही. पण मिस्त्री गिरणीच्या गल्लीतला. नऊ दिवस तो बायकोबरोबर पाच गल्ल्या पलीकडून हंडे वाहत होता. त्याने आठ स्क्रू काढले, चार पट्ट्या उकलल्या, आणि काच उचलून भिंतीला टेकवून ठेवली. अर्धा तासही लागला नाही. उमेदवाराला पुढच्या सभेची आठवण झाली.

तोवर बाई आत जाऊन बसली होती. लोक उभे, बाई बसलेली, आणि मधे काही नाही. थोडा वेळ सगळेच संकोचले, नव्या जावयासारखे. समोरासमोर आल्यावर घोषणा कुणाला द्यायची? एकाने नुसतंच 'मान वर' म्हणून पाहिलं, पण ते फार एकटं पडलं.

मग मिस्त्रीच बोलला. "गिरणीची गल्ली. नऊ दिवस झाले."

"मागे मास्तरांची तक्रार होती. तेव्हा फिटर येऊन गेला नाही का?"

"आला होता. कडी वाजवून गेला. पुढे व्हॉल आपोआप सुटला, तो आता पुन्हा अडकलाय."

बाईने मागे वळून फिटरला हाक मारली. तशी हाक त्या ऑफिसात पूर्वी कुणी मारलेली नव्हती. पाना त्याच्या उशाखालून आपोआप निघाला.

यानंतर सगळं गोड झालं, असं म्हणणार नाही. पहिल्या आठवड्यात तिघांनी तिला तोंडावर शिव्या दिल्या. त्यातला एक चांगल्या घरचा होता. बाजारात दोन बायांनी तिच्याकडे पाठ फिरवली, आणि तिने मान सरळ ठेवून ते पाहिलं. साहेबांनी खुलासा मागवला. तिने दोन ओळींत दिला. एक म्हातारी तर काच काढल्यावरही त्या खालच्या भोकाशीच वाकून बोलायची. तिचं म्हणणं, इथे हात टेकायला बरं पडतं. तिला बाईने आतलं स्टूल बाहेर काढून दिलं.

उमेदवाराचंही फार अडलं नाही. दोन दिवस तो जरा सैरभैर होता. पुन्हा टाकीचा नकाशा काढला म्हणतात, एका सभेत. लोकांनी जांभया दिल्या. तिसऱ्या दिवशी त्याला पंखा सापडला. ऑफिसच्या आत पंखा फिरतो आणि बाहेर रांगेत तुम्ही घामाने निथळता, पंखा कुणाच्या पैशांचा? पाचशे माणसांनी कपाळावर हात फिरवून पाहिला. हात ओला झाला. 'वारा सगळ्यांना' अशी घोषणा झाली.

कंडक्टर त्या सभेहून आला आणि जेवायला बसला. मग म्हणाला, "आज पंखा निघाला."

"ऐकलं मी. शिट्टी दिलीत का परत?"

"ठेवलीय. दादा माणूस वाईट नाही ग. लोक सरकतात ना, तेवढं बरं वाटतं."

"मग ठेवा," बाई म्हणाली. "फक्त मधे जागा आहे का, ते आधी बघत जा."

दुसऱ्या दिवशी ती दहा मिनिटं आधी ऑफिसात गेली. टेबलावरचा पंखा तिने पाठीमागच्या फळीवर ठेवला आणि त्याचं तोंड व्हरांड्याकडे फिरवलं. वारा तिच्या डोक्यावरून बाहेर गेला आणि जाता जाता चिठ्ठ्यांचा गठ्ठा उडवून घेऊन गेला. बाई उठली, चिठ्ठ्या गोळा केल्या. काहीतरी वजन पाहिजे म्हणून इकडे तिकडे पाहिलं. खिडकीच्या खणात मिस्त्री विसरून गेलेला एक जाड नट पडला होता, तो चिठ्ठ्यांवर ठेवला. बाहेर रांग लागली होती. पहिल्या माणसाचे केस वाऱ्याने उडत होते आणि तो ते सारखे करत होता. रागाने आलेला दिसत होता.

बाईने पेनाचं टोपण काढलं. "बोला," म्हणाली. पुढचे तीन शब्द सवयीने जिभेवर आले होते, ते तिने गिळले. "गल्ली कुठली?"